पहिले सहा तास कॅमेरा कपाटात राहू द्या

शाळेत फोटोग्राफीचा तास घेणाऱ्या शिक्षकांना, आणि हा तास वेळापत्रकात बसवणाऱ्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मुळात विज्ञानाची शिक्षिका. फोटोग्राफीचा तास माझ्याकडे आला तो दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून. "तुम्ही प्रकाश शिकवताच, मग हेही घ्या," असं सांगून कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली गेली. कपाटात एक डीएसएलआर कॅमेरा, एक पाय निखळलेला ट्रायपॉड आणि कुणीतरी शाळेला देऊन टाकलेले चार जुने फोन. वर्गात चाळीस मुलं.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. पहिल्या तासाला फळ्यावर त्रिकोण काढला. तीन कोपऱ्यांत ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक), शटर स्पीड (ते किती वेळ उघडं राहतं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे) लिहिलं. मुलांनी पट्टी घेऊन तो त्रिकोण वहीत उतरवला. दुसऱ्या तासाला चौकट काढून तिचे नऊ तुकडे केले आणि 'रूल ऑफ थर्ड्‌स' सांगितला, म्हणजे महत्त्वाची गोष्ट मधोमध न ठेवता त्या रेघांवर ठेवायची. तिसऱ्या तासाला सगळ्यांना मैदानात नेलं. एका तासात सहाशेच्या वर फोटो निघाले, आणि त्यातला एकही मला आज आठवत नाही. चाचणीत 'ॲपर्चर म्हणजे काय?' या प्रश्नाला जवळपास सगळ्यांना पूर्ण मार्क मिळाले. त्याच मुलांना मी एक फोटो दाखवला. खिडकीकडे पाठ करून उभी असलेली मुलगी, बाहेरचं झाड लख्ख, मुलीचा चेहरा काळा. असं का झालं, हे एकालाही सांगता येईना. फळ्यावरच्या त्रिकोणाकडे बोट दाखवून मलाही ते धड समजावता आलं नाही.

तेव्हापासून मी तो त्रिकोण पहिल्या सहा तासांत काढत नाही, आणि कॅमेराही बाहेर काढत नाही. तुम्हीही तसंच करून बघा, एवढीच विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. कॅमेरा हातात आला की मुलं कॅमेऱ्याकडे बघतात. बटणं, मेनू, झूम, मागचा छोटा पडदा. त्यात त्यांचा दोष नाही, मीही नवीन यंत्र मिळालं की तेच करते. पण उजेडाकडे बघायची सवय आधी लागली नाही तर ती नंतर लागणं फार अवघड जातं, कारण तोवर मशीनने सगळं परस्पर उरकलेलं असतं.

सुरुवात वर्ग अंधारा करण्यापासून करा. खिडक्यांना काळा कागद, फटींना चिकटपट्टी. यातच अर्धा तास जातो. जाऊ द्या. किती बारीक फटीतून उजेड आत घुसतो, हे फट शोधून बुजवणाऱ्या मुलाला जेवढं कळतं तेवढं आपल्या सांगण्याने कळत नाही. मग जिच्यातून बाहेरचं उन्हातलं दृश्य दिसतं अशा एका खिडकीच्या कागदाला अंगठ्याएवढं भोक पाडा आणि गप्प बसा. डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं लागतात. तोवर "बाई, काहीच दिसत नाही" असा गलका चालतो. मग कुणीतरी किंचाळतं. समोरच्या भिंतीवर बाहेरचं झाड उभं असतं, शेंडा खाली आणि बुंधा वर. आभाळ फरशीजवळ उतरलेलं असतं. बाहेरून कुणी चालत गेलं तर भिंतीवरून एक उलटा माणूस उलट्या दिशेने जातो, आणि विशेष म्हणजे सगळं रंगीत असतं. एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, प्रोजेक्टर कुठे लपवलाय?"

इथे फळ्याकडे धावू नका. मी धावले होते. किरणांची आकृती काढून पाच मिनिटांत मी त्या जादूचं प्रश्नोत्तर करून टाकलं. आता मी एका मुलीला बाहेर पाठवते आणि भोकासमोर पुठ्ठा वरून खाली हळूहळू आणायला सांगते. आत भिंतीवर अंधार खालून वर चढतो. मुलं दोन-तीनदा तेच करायला लावतात आणि मग आपापसात भांडून उत्तर काढतात. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्न अल-हैथमने असाच प्रयोग नोंदवला आहे. त्याने ओळीने दिवे ठेवले, भोकाच्या पलीकडे प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला, आणि एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा झाला. तीन टॉर्च आणि एक भोक पाडलेला पुठ्ठा असला की हे आजही दहा मिनिटांत होतं. उजेड सरळ रेषेत जातो हे वाक्य त्यानंतर फळ्यावर लिहायची गरज उरत नाही.

मग भोकावर लहान भोकाचा पुठ्ठा लावा. चित्र रेखीव होतं, पण अंधुक. मोठ्या भोकाचा लावा, चित्र उजळतं आणि विरघळल्यासारखं होतं. ॲपर्चर शिकवून झालं, अजून तो शब्द उच्चारलेला नाही. आता मोठ्या भोकावर जवळचं वाचायच्या चष्म्याचं भिंग धरा. दोन नंबरचं भिंग असेल तर पांढरा कागद त्याच्या मागे बरोबर अर्ध्या मीटरवर धरायचा, एक नंबरचं असेल तर एक मीटरवर. कागदावर लहानसं, उजळ आणि रेखीव चित्र उमटतं. दोन बोटं मागे-पुढे केलं की ते फिसकटतं. लेन्स कशाला लागते आणि फोकस म्हणजे काय, हे दोन्ही मुलांच्या हातात आलं. भोकाला सगळी अंतरं सारखी आणि भिंगाला एकच अंतर पसंत, हा फरक मुलांच्या पटकन लक्षात येतो. तो विसरलेला मुलगा मला अजून भेटलेला नाही.

एवढं झाल्यावर पुठ्ठ्याच्या डब्याचा सूचिछिद्र कॅमेरा करायचा असेल तर करा. विज्ञानाच्या पुस्तकात तो असतोच, म्हणून जास्त लिहीत नाही. दहा सेंटिमीटर खोल डब्याला साधारण ०.४ मिलिमीटरचं भोक चांगलं चालतं, आणि ते पत्र्याच्या किंवा फॉइलच्या तुकड्याला बारीक सुईच्या टोकाने पाडून डब्याला चिकटवावं. पुठ्ठ्यालाच भोक पाडलं तर कडेला कागदाचे केस राहतात आणि चित्र खराब येतं.

त्यापुढचे दोन तास निळ्या कागदाचे. सायनोटाइप. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तिचा वापर करून समुद्रशैवालांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्यांच्याच ठशांच्या संग्रहाचं नाव घेतलं जातं. त्यात कॅमेरा कुठेच नव्हता, हे मी मुख्याध्यापकांना मुद्दाम सांगते. दोन लोहक्षार पाण्यात विरघळवायचे, मंद पिवळ्या दिव्यात ते मिश्रण कागदावर ब्रशने लावून वाळवायचं, वर पान किंवा पीस ठेवून कडक उन्हात दहा-पंधरा मिनिटं धरायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. जिथे ऊन लागलं तिथे गडद निळं, जिथे सावली होती तिथे पांढरं. हातमोजे घाला, आणि पोटॅशियम फेरिसायनाइडची बाटली आम्लांपासून लांब ठेवा. रसायनशास्त्राचे सर सोबत असले तर उत्तम, त्यांनाही मजा येते.

हे दोन तास मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण इथे मुलं वेळ शिकतात. एका वर्षी एका मुलाचं पान मध्येच वाऱ्याने सरकलं. त्याने घाईघाईने ते परत ठेवलं, पण जरा बाजूला. धुतल्यावर कागदावर दोन पानं उमटली, एक पांढरं आणि एक फिकट निळं. तो रडवेला झाला होता. मी तो कागद वर्गाला दाखवला आणि विचारलं, कुठलं पान जास्त वेळ तिथे होतं? मग फोटोग्राफीच्या पहिल्या संशोधकांपैकी एक असलेल्या डागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा काढलेला फोटो दाखवला. दिवसा गजबजलेला रस्ता, पण फोटोत गाड्या नाहीत, माणसं नाहीत. फक्त कोपऱ्यात एक माणूस, बूट पॉलिश करून घेत उभा. फोटोला काही मिनिटं लागत होती, चालणारे सगळे तेवढ्यात पुसले गेले आणि जो थांबला तो राहिला. रडवेल्या मुलाने आपला कागद त्या फोटोशेजारी भिंतीवर लावून घेतला. पुढे शटर स्पीड शिकवताना मी नुसतं "ते सरकलेलं पान" म्हणते, आणि पुढे जाते.

पाचव्या तासाला पुठ्ठ्याची चौकट. आत ३६ बाय २४ मिलिमीटरची खिडकी कापायची आणि एका डोळ्यासमोर धरायची. ही मापं मनाची नाहीत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फ्रेमचं माप तेच असतं. त्यामुळे चौकट डोळ्यापासून पाच सेंटिमीटरवर धरली की ५० मिलिमीटरची लेन्स जेवढं बघते साधारण तेवढं दिसतं. अगदी जवळ, अडीच सेंटिमीटरवर आणली की वाइड अँगल, म्हणजे जास्त रुंद दृश्य. हात लांब केला, वीस सेंटिमीटरवर, की टेलिफोटो, म्हणजे लांबचा लहानसा भागच चौकटभर. ज्या लेन्स शाळेला कधीच घेता येणार नाहीत त्या सगळ्या एका पुठ्ठ्यात आल्या. मुलांना एकच काम द्यायचं. फळ्याजवळ उभा असलेला मित्र चौकटीत सारख्याच उंचीचा दिसला पाहिजे, पण एकदा जवळ जाऊन आणि एकदा लांबून. मागच्या खिडक्या दोन्ही वेळा किती मोठ्या दिसल्या ते लिहा. झूम करणं आणि चालत पुढे जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोठ्या माणसांनाही वर्षानुवर्षं कळत नाही. इथे सातवीतली मुलगी वहीत लिहून मोकळी होते की जागा बदलली की खिडक्या बदलल्या.

नऊ चौकोनांच्या नियमाबद्दल इथेच बोलून घेते, नाहीतर पत्राखाली तोच प्रश्न येईल. तो शिकवू नका असं माझं म्हणणं नाही, पण पहिल्या महिन्यात नको. तो नियम या नावाने जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये मांडला, तेव्हा फोटोग्राफीचा पत्ताच नव्हता. निसर्गचित्रात जमीन किती, आभाळ किती, उजेड किती आणि सावली किती, अशा विचारातून ते निघालं. आपण त्याचं बारीक रेघांचं जाळं करून फोनच्या पडद्यावर बसवलं आहे. मुलं माणसाचं डोकं रेघांच्या छेदावर नेऊन ठेवतात आणि त्या डोक्यातून मागे उगवलेला दिव्याचा खांब त्यांना दिसत नाही. त्याऐवजी चारही कोपरे बघायला लावा. बटण दाबण्याआधी नजर एकदा चौकटीच्या कडेने फिरवून आणायची. कोपऱ्यात कुणाचं अर्धं दप्तर आलंय का? आलं असेल तर एक पाऊल सरका. माझ्या वर्गात "कोपरे?" एवढाच शब्द चालतो, आणि मुलं तो माझ्यापेक्षा जास्त वेळा एकमेकांना ऐकवतात.

सहाव्या तासाला एक पांढरा चेंडू, एक टॉर्च आणि एक खिडकी पुरते. टॉर्च समोरून, बाजूने, मागून धरून चेंडूवरची सावली कशी फिरते ते काढायचं, पेन्सिलीने. मग चेंडूच्या जागी शेजारचा मित्र, टॉर्चच्या जागी खिडकी. त्याला खिडकीशी गोल फिरवायचं आणि नाकाची सावली कुठे पडते ते बघायचं. खिडकीवर पातळ पांढरं कापड लावलं की सावलीची कडा मऊ होते. दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरला की सावलीतला डोळा उजळतो. आपला मित्र इतका वेगवेगळा दिसू शकतो याचं मुलांना हसू येतं, आणि थोडं आश्चर्यही वाटतं. मुलं मोबाइलमध्ये ज्याला 'फिल्टर' म्हणतात त्यातलं बरंच काही खिडकीजवळ फुकट मिळतं.

आता कपाट उघडा.

कॅमेऱ्याचा पहिला प्रयोग मी नेहमी एकच घेते, आणि या पत्रातला एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हाच करा. एक पांढरा कागद, एक काळा आणि एक करडा. तिन्ही एकाच सावलीत, एकाच उजेडात ठेवायचे. कॅमेरा ऑटोवर. प्रत्येक कागदाचा वेगळा फोटो काढायचा, चौकटीत त्या कागदाशिवाय काहीही येऊ द्यायचं नाही, फ्लॅश बंद. फोटो काढण्याआधी मुलांना वहीत लिहायला लावा, काय दिसेल? सगळे लिहितात पांढरा, काळा, करडा. फोटो शेजारी शेजारी लावले की तिन्ही जवळपास एकाच करड्या रंगाचे निघतात. वर्गात एकदम शांतता होते. एका मुलीने "कॅमेरा बिघडलाय" असं जाहीर केलं. दुसरीने फोनवर तोच प्रयोग करून पाहिला. फोन हल्ली बरीच हुशारी करतात, एका दाबात अनेक फोटो घेऊन ते जोडतात, त्यामुळे तिथे फरक थोडा उरतो. तरी पांढरा कागद मळकट आलाच.

कॅमेऱ्याला कागद पांढरा आहे की काळा हे ठाऊक नसतं. परत येणारा उजेड तेवढा त्याला कळतो. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असणार, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं असणार, असं धरून तो चालतो. पांढऱ्याला तो दाबतो आणि काळ्याला फिकट करतो. खिडकीकडे पाठ केलेल्या मुलीचा चेहरा काळा का आला, हे आता मुलं स्वतः सांगतात. चौकटीत बहुतेक खिडकीच होती, कॅमेऱ्याने तिला करडं केलं आणि त्या दाबात चेहराही गेला. मग ते विचारतात, यावर उपाय काय? तेव्हा फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करणारं प्लस-मायनसचं बटण दाखवायचं. पांढऱ्या कागदाला प्लस द्यायचं, हे ऐकून आधी सगळे चमकतात. उजळ वस्तू आहे तर उजेड कमी करायला हवा ना? करून बघा म्हणायचं.

याच तासाला आणखी एक विषय निघतो, आणि तो टाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गाचा गट-फोटो पांढऱ्या भिंतीपुढे काढतात तेव्हा उजळ कांतीची मुलं नीट येतात आणि सावळ्या मुलांच्या चेहऱ्यावरचे डोळे-नाक हरवतात. मग कुणीतरी मोठं माणूस सहज म्हणतं, "तू जरा काळीच आलीस." ती मुलगी ते वर्षभर विसरत नाही. चूक भिंतीची आणि कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची असते, आणि खापर मुलीच्या रंगावर फुटतं. हे यंत्र आपोआप तटस्थ नसतं याचा इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवायला अनेक दशकं एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असलेलं कार्ड प्रमाण मानलं जाई. कोडॅकच्या त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' असं नावच पडलं होतं. मुलांना हे सांगा, आणि मग भिंत बदलून, प्लस देऊन, खिडकीच्या उजेडात वर्गातल्या प्रत्येकाचा चेहरा नीट येईपर्यंत फोटो काढायला लावा. माझ्या वर्गात या कामाला पूर्ण दोन तास लागले. एक तंत्र शिकायला दोन तास जास्त आहेत असं वेळापत्रकवाल्यांना वाटलं तर त्यांनाही भिंतीपुढे उभं करा.

ॲपर्चरच्या आकड्यांकडे येते. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. ही पाढ्यासारखी पाठ करून घेतात, हा मला गुन्हा वाटतो. गणिताच्या सरांना एका तासासाठी बोलवा. भोकाचं क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यास कितीने भागावा लागेल? दोनाने म्हटलं की सर वर्तुळं काढायला लावतात आणि उत्तर चुकतं. दोनाच्या वर्गमुळाने, १.४१४ ने. एकापासून सुरू करून त्याने गुणत जा, सगळी मालिका कॅल्क्युलेटरवर उभी राहते. नवीन मुलांचा नेहमीचा गोंधळ, आकडा मोठा आणि भोक लहान कसं, तोही अपूर्णांकाने सुटतो. लेन्सचं नाभीय अंतर (लांबच्या वस्तूचं चित्र लेन्सपासून जेवढ्या अंतरावर रेखीव उमटतं ते) भागिले तो आकडा म्हणजे भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ म्हणजे पंचवीस मिलिमीटरचं भोक, एफ १६ म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचं. शटरचे आकडे, म्हणजे सेकंदाचा कितवा भाग, दुपटीचे आहेत, फक्त आठानंतर पंधरा आणि साठानंतर एकशे पंचवीस असा दोन ठिकाणी हिशेब सोयीसाठी वाकवला आहे. ही लबाडी शोधून काढणाऱ्या मुलाला मी जादा मार्क देते. त्रिकोण काढायचाच असेल तर या दिवशी काढा. तोवर तिन्ही कोपऱ्यांत काय आहे हे मुलांच्या बोटांना ठाऊक झालेलं असतं.

यानंतर आठवड्याला एका मुलाला बारा फोटो. तेरावा नाही. जुन्या १२० फिल्मच्या रोलवर चौरस फोटो बाराच येत, तिथून मी हा आकडा उचलला. कुठलाही आकडा चालेल, पण तो लहान आणि ठाम हवा. फोटो पुसून जागा करायची नाही. प्रत्येक फोटोआधी वहीत एक ओळ लिहायची : काय दिसावं असं वाटतंय. आणि नंतर दुसरी : काय आलं. एक कॅमेरा आणि चाळीस मुलं असली की बारा फोटो हीच मोठी सोय होते. एक जण फोटो काढतो, एक थर्मोकोल धरतो, एक वही लिहितो, एक जण फक्त कोपरे ओरडतो. कॅमेरा कमी पडतो अशी तक्रार माझ्याकडे पालकांनी केली, मुलांनी नाही. मार्क द्यायचे तर त्या वहीला द्या. फोटोला मार्क दिले की ज्याच्या घरी भारी फोन आहे तो पहिला येतो, आणि हे मुलांना आपल्याआधी कळतं.

फोटो भिंतीवर लावून बोलायची पद्धतही ठरवून घ्या. पहिल्या फेरीत 'छान', 'मस्त', 'आवडला' हे शब्द बंद. दिसतंय तेवढंच सांगायचं. "उजेड डावीकडून आलाय." "मागच्या मुलीचा पाय कापला गेलाय." "सगळ्यात उजळ गोष्ट बादली आहे, माणूस नाही." ज्याचा फोटो आहे तो गप्प राहील आणि शेवटी बोलेल. सुरुवातीला हे फार कोरडं वाटतं. चौथ्या आठवड्यात एका लाजऱ्या मुलाने स्वतःच्या फोटोबद्दल सांगितलं, "मला आजीचे हात दाखवायचे होते, पण मी चेहऱ्याला घाबरून तो मधोमध घेतला." त्यानंतर मी त्या तासाला काही बोलले नाही.

लोकांचे फोटो काढणं हा पुढचा टप्पा, आणि इथे मला एका शिक्षकाची आठवण काढायची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये लुइस हाइन नावाचे शिक्षक होते. शाळेनेच त्यांच्या हातात कॅमेरा दिला आणि त्यांनी मुलांना फोटोग्राफी शिकवायला सुरुवात केली. पुढे नामवंत झालेला पॉल स्ट्रँड हा त्यांच्या वर्गातला मुलगा. १९०८ मध्ये हाइन शाळा सोडून पूर्णवेळ बालकामगारांचे फोटो काढायला गेले. गिरण्यांत, खाणींत शिरायला ते खोटी ओळख सांगत. मुलं किती लहान आहेत हे नोंदवायला स्वतःच्या जाकिटाच्या बटणांशी त्यांची उंची ताडून बघत. बालमजुरीविरुद्धच्या लढ्याला त्या फोटोंनी मोठं बळ दिलं.

मी वर्गात परवानगीचा नियम सांगते : विचारल्याशिवाय कुणाचा फोटो नाही, आणि समोरच्याने पुसायला सांगितला तर लगेच पुसायचा. मग हाइनची गोष्ट सांगते, आणि दरवर्षी कुणीतरी हात वर करतंच. "बाई, पण त्यांनी तर फसवून फोटो काढले." हा प्रश्न आला की माझा तास वसूल. फसवलं कुणाला? मालकाला की मुलाला? तो फोटो कुणाच्या कामी आला? आपण झोपलेल्या मित्राचा काढतो तो कुणाच्या कामी येतो? याची उत्तरं मी देत नाही. एवढंच पाळते की मुलांचे चेहरे असलेले फोटो शाळेच्या भिंतीबाहेर जात नाहीत. कौतुकाने ते नाव आणि वर्गासकट सगळीकडे पाठवायची मोठ्यांना फार हौस असते, त्यांना हा नियम मुलांकडूनच ऐकवते.

पालक विचारतील, सहा आठवडे झाले, फोटोग्राफीच्या वर्गात फोटो कुठे आहेत? माझ्याकडेही आले होते. त्यांना वर्गात बोलावलं, दार लावलं आणि भोक उघडलं. अंधारात दहा मिनिटं बसल्यावर एक गृहस्थ भिंतीजवळ गेले आणि उलट्या झाडाच्या पानांवरून हात फिरवत राहिले. तक्रार मागे घेतली असं काही ते म्हणाले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात चष्म्याची जुनी भिंगं शाळेत पाठवून दिली.

आपली,
फोटोग्राफीचा तास घेणारी एक शिक्षिका

ता. क. : काळा कागद लावाल त्या खिडकीत थेट सूर्य येत नाही ना, हे आदल्या दिवशी त्याच वेळी बघून ठेवा. भिंगातून सूर्य एका ठिपक्यात गोळा झाला तर कागद जळतो, आणि मुलं वाकून बघायला जातातच. भोकातून किंवा भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे चिकटपट्टी हातात देण्याआधी सांगा. नंतर कुणी ऐकत नाही.